चिंधीचं बाळ

मालेगावच्या दवाखान्यातून सत्तावन्न साली आलेल्या पत्राला मी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. ‘दोन नवे डॉक्टर आलेत. तान्ह्या मुलांची शीर शोधायला शिकवाल?’ आता माझा हात थरथरतो, हे कसं कळवू? “काहून येरझारा घालून राह्यले, डागदरसाहेब?” सुईण गोमतीबाईंनी विचारलं. मी सांगितलं. नव्या सुईणींना शिकवायला वापरायचं आपलं चिंधीचं बाळ त्यांनी आणून दिलं. “आमी याच्यावर शिकवतो. तुमी जित्या लेकरावर?” बाळाच्या हातात मी लाल पाणी भरलेली बारीक रबरी नळी शिवली. सुई टोचली, चुकली. पुन्हा चुकली. “माझं काही खरं नाही,” मी म्हणालो. “लेकरू रडलं काय?” “नाही.” “मंग टोचा ना! भेता कायले?” नवव्यांदा सुईतून लाल पाणी आलं. मी लिहिलं, ‘येतो. आधी माझ्या चुका दाखवीन.’ विचार बदलायच्या आत पत्र टपालपेटीत टाकलं.