एकशे चौऱ्याऐंशी तबकड्या

पारोळ्याच्या रुपचंद नानांनी उभी हयात लग्नांत भोंग्यावर गाण्यांच्या तबकड्या वाजवल्या. आता हात थरथरायचे, त्यांना तबकडीवर सुई ठेवता येत नसे. म्हणून एकशे चौऱ्याऐंशी तबकड्यांवरची सगळी गाणी घरच्या कॉम्प्युटरवर उतरवायचं काम सुनेवर, सुलक्षणावर आलं. एक बाजू वाजून संपेपर्यंत तिला जागचं हलता येत नसे. नवरा, नवल, ट्रक घेऊन कायम गुजरातेत. फोनवर म्हणायचा, "नानांचं एवढं होऊ दे, मग कर नोकरी."

अकरा महिन्यांनी शेवटची तबकडी उतरली. सोमवारी सुलक्षणा गावातल्या शाळेत ग्रंथपाल म्हणून रुजू होणार होती. रविवारी दुपारी तिने कॉम्प्युटर लावला, तर एकही गाणं नाही.

"नाना, गाणी कुठे गेली?"

"हात थरथरी गया. काहीतरी दबाई गयं."

तिने कॉम्प्युटरची कचरापेटी उघडली. तीही रिकामी होती. कायमचं पुसण्याआधी कॉम्प्युटर पुन्हा एकदा विचारतो, आणि तिथेही 'हो' म्हणावं लागतं. ती नानांकडे वळली. "नाना, हे हात थरथरून होत नाही."

नानांनी मान खाली घातली. "तू गई म्हंजे दिनभर मन्हासंगे बोलाले कोन राही, बेटा?"

सुलक्षणाला संताप आला आणि रडूही. तबकड्यांचा खोका पुढे ओढत ती म्हणाली, "उद्या मी शाळेत जाणार, नाना. गाणी पुन्हा उतरवू. संध्याकाळी, रोज एक बाजू."

नानांनी डोळे पुसले.

"मंग घाई नको करू," ते म्हणाले.