किरकोळ दुरुस्ती

बाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि काय काम काढलंत म्हणून विचारलं. नेमकं तेच त्याच्या तोंडून फुटेना.

तो औषधांच्या खोक्यांवरचा बारीक मजकूर मांडणारा माणूस. नोकरी सांभाळून, सहा वर्षं खपून त्याने एक फॉन्ट तयार केला होता. फुकट. कोणीही उतरवून घ्यावा, आत काय आहे ते उघडून बघावं, चूक सापडली तर कळवावी. त्यात प्राचीन ग्रीकची सगळी अक्षरं होती, डोक्यावरच्या खुणांसकट. ग्रीक त्याला ओ की ठो कळत नव्हतं. जुन्या छापील पुस्तकांवर भिंग धरून त्याने एकेक अक्षर गिरवलं होतं. ठिकठिकाणचे अभ्यासक तो फॉन्ट वापरत, आभाराची पत्रं पाठवत. बायको थट्टेने त्याला 'पंडित' म्हणे, आणि त्याला ते आवडे.

बाईंनी आयुष्याची बावीस वर्षं घालून संपादित केलेला प्राचीन ग्रीक ग्रंथ याच फॉन्टात छापला गेला, आणि एका परीक्षणाने त्याची पार चिरफाड केली. ग्रीकमध्ये एक शब्द असा आहे, की पहिल्या अक्षरावरची स्वल्पविरामाएवढी खूण एकीकडे वळली तर डोंगर, दुसरीकडे वळली तर हद्द. ग्रंथाच्या उत्तरार्धात चाळीस ठिकाणी डोंगराची हद्द झाली होती. संपादिकेला समोरचा डोंगर दिसत नाही, असं परीक्षणकर्त्याने लिहिलं. लोक हसले. बाईंनी सभा-व्याख्यानांना जाणं सोडलं.

त्यानंतर आठवड्याभरात फॉन्टच्या पानावर एक निनावी तक्रार आली. त्या खुणेची दोन्ही अक्षरं फॉन्टात एकमेकांच्या जागी बसली आहेत. सोबत परीक्षणाची प्रत. त्याची कानशिलं तापली. कोणा जाणकाराला विचारावं, तर चारचौघांत बोभाटा. त्याने त्याच संध्याकाळी दोन्ही अक्षरांची अदलाबदल केली, नवी आवृत्ती सगळ्यांसाठी खुली केली आणि नोंदीत लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'.

महिनाभर त्याला अन्न गोड लागलं नाही. पंडित म्हटलं की तो बायकोवर खेकसू लागला. शेवटी एकदा तिच्याजवळ सगळं ओकला. ती म्हणाली, तोंड लपवून किती दिवस काढाल, जाऊन सांगून या.

म्हणून तो आला होता. अडखळत का होईना, त्याने चूक कबूल केली आणि खिशातलं पत्र पुढे केलं. दोष सर्वस्वी माझ्या फॉन्टचा, संपादिकेचा नाही, खाली सही. बाईंनी ते हवं तिथे छापावं.

बाईंनी पत्र नाकाला टेकेल इतकं जवळ धरलं. वाचायला त्यांना फार वेळ लागला. मग घडी घालून त्यांनी ते परत दिलं.

"हे मला घेता येणार नाही."

"बाई, माझ्यामुळे तुमचं नाव गेलं. एवढं तरी करू द्या."

बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. शेवटची दोन वर्षं आपल्याला ती खूण दिसतच नव्हती, असं त्या हळूहळू सांगू लागल्या. अंदाजानेच टाइप करत होत्या. घरात कळलं असतं तर काम काढून घेतलं असतं, म्हणून सुनेलाही पत्ता लागू दिला नाही. आता तिच्यासमोर मान वर होत नाही.

"तुमची अक्षरं बरोबर होती," त्या म्हणाल्या. "ती तक्रार मीच टाकली. प्रकाशकाला दाखवायला काहीतरी हवं होतं. वाटलं, तुम्ही दोन मिनिटांत ताडून बघाल आणि सोडून द्याल."

बाईंनी त्याच्या दिशेने मान वळवली.

"फॉन्टला हात तर लावला नाहीत ना?"