जुनं चाक

तिसऱ्यांदा इंजिन बंद पडलं आणि प्रवाशांनी भरलेली ती लांबोडकी गाडी, जीपनी, हातभर मागे सरकली. अन्सेल्मोने दोन्ही पाय ब्रेकवर दाबले. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो, लागतो निम्माच. हँडब्रेक नावापुरता होता.

दरड कोसळून खालचा रस्ता बंद झाला होता, म्हणून बागियोच्या मंडईकडे जाणाऱ्या गाड्या आज या चढाने निघाल्या होत्या. टपावर कोबीची पोती, आत दाटीने माणसं. मागे वळण, वळणाखाली दरी. जीपनीला दार एकच, तेही मागे. उडी मारील तो तिच्याच खाली जाईल.

भाडं गोळा करणारी त्याची बायको मार्सेला तेवढी रस्त्यावर होती. तिने चाकामागे लाकडी ठोकळा सारला.

"सोड क्लच. हळू!"

"हळूच सोडतोय गं!"

इंजिन गरजलं, क्लच लागला आणि आवाज विझला. गेल्याच महिन्यात त्याने इंजिनाचं जड फ्लायव्हील, इंजिनाबरोबर फिरणारं लोखंडी चाक, काढून त्याजागी तासून हलकं केलेलं दुसरं बसवलं होतं. सपाटीवर पाय लावताच गाडी उसळायची. थांब्यावर जो आधी पोचेल, प्रवासी त्याचे. जुनं चाक, पाय चुकला तरी, आपल्या भाराने इंजिन फिरतं ठेवायचं. हे नवं पायाबरोबर चढायचं आणि पायाबरोबर मरायचं.

ओल्या सिमेंटवर ठोकळा निसटला आणि घरंगळत दरीत गेला.

"मार्सेला, धरत नाहीये! सरकतेय!"

"तोमिनो आजोबा!" ती ओरडली. "तुमच्या पायाखालचं चाक! ढकला बाहेर!"

इंजिनातून काढलेलं ते जुनं चाक अन्सेल्मो भंगारात देणार होता. तिने देऊ दिलं नव्हतं. दाराजवळच्या बाकाखाली टाकून ठेवलं होतं. त्याच्यामुळे गुडघे हनुवटीला लागतात म्हणून म्हातारा रोज कुरकुरायचा. आता त्याने बाक घट्ट धरून दोन्ही टाचांनी ते रेटलं. लोखंड दणकन रस्त्यावर आपटलं. मार्सेलाने ते गुडघ्यांनी, पोटाने लोटत टायरमागे घातलं. टायर त्याच्या काठावर चढू लागला. लोखंड सिमेंटवर करकरलं.

जीपनी थांबली.

माणसं एकेक करून उतरली. तोमिनो शेवटी आला.

"बरं झालं, गेलं एकदाचं," तो म्हणाला. "पण आता पाय कुठे ठेवू?"

मार्सेला पुढे गेली. अन्सेल्मोचे दोन्ही पाय ब्रेकवरच होते.

"उतर आता."

"तू इकडे कशाला आलीस?" तो किंचाळला. "मागे कोण धरून आहे?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "जड आहे ते."