न उडालेली गोळी

चाप ओढला तर नुसतं "खट्" झालं. बार झालाच नाही.

मागच्या खुर्चीत बाबांनी सुस्कारा सोडला. परदेशातून काडतुसं येणं थांबलं आणि भाव दुपटीने वाढले, तेव्हापासून ऋजुताचा नेम चुकला की ते असेच सुस्कारा टाकत. रागावत कधीच नसत. पण तिला त्या सुस्काऱ्याचीच धास्ती वाटायची. आजची काडतुसंही त्यांनी एका बंद पडलेल्या क्लबच्या जुन्या साठ्यातून मोठ्या खटपटीने मिळवली होती.

गोळी उडाली नाही तर रायफल टार्गेटकडेच धरून थांबायचं, कारण आतली दारू उशिराही पेटते, हे नेमबाजी शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिला ते तोंडपाठ होतं. तरीही काय सांगावं ते न सुचून ती रायफलसकट बाबांकडे वळली.

नळी थेट त्यांच्या छातीवर आली. बाबा खुर्चीतच थिजले.

"नळी पुढे!" शेजारी उभे असलेले सर किंचाळले आणि त्यांनी झेप घेऊन रायफल टार्गेटकडे ढकलली. त्याच क्षणी बार झाला. वाळूच्या पोत्यातून धूळ उडाली.

सरांनी रायफल काढून घेतली. बाबा धडपडत आले आणि त्यांनी तिला घट्ट जवळ ओढलं.

"बाबा, रागावू नका ना," ती हुंदके देत म्हणाली. "वाया नाही गेली. उडाली, बघा."