चंद्रीचा हट्ट

“ही चंद्री इकायची. सकाळी नानासो व्यापारी येतोय बघाय,” जेवता जेवता आकाराम म्हणाले आणि अपेक्षाची भाकरी तव्यावरच करपली.

शालूबाईंनी ताटातून मान वर केली नाही. “इका की. तुमची म्हस हाय.”

“मग काय तर! उभा जन्म पलटणीत गेला. बर्फात सुदिक उजाडायच्या आत च्या मिळायचा. आन आता सोताच्या घरात म्हशीची मर्जी सांभाळत बसू व्हय?”

अपेक्षाने करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली.

आटपाडीजवळच्या आकाराम-शालूबाईंच्या या घरात ती चैत्रात सून म्हणून आली. सुट्टी संपताच नवरा, जयराज, सीमेवर गेला. या घराची एक रीत होती. पहाटे चंद्रीची धार निघाली की ताज्या दुधाचा चहा व्हायचा आणि तो सगळ्यांनी ओसरीवर बसून एकत्रच प्यायचा. “सकाळचा च्या ज्यानं टाळला, त्यो रुसला,” असे आकाराम म्हणत.

अपेक्षाला मात्र उठल्याबरोबर उपाशीपोटी थायरॉईडची गोळी घ्यावी लागे आणि पुढे निदान अर्धा तास चहा-दूध वर्ज्य असे. बाराव्या वर्षी तिला गळ्यातल्या गाठींचा कॅन्सर झाला होता. किरणांच्या शेकाने गाठी विरल्या, पोर वाचली. पण त्याच शेकाने गळ्यातली ग्रंथी वर्षागणिक मंदावत गेली. “गोळी जन्मभर घ्यायची. एवढी सांभाळलीस की बाकीचं आयुष्य तुझं,” असे डॉक्टरांनी बजावले होते. जयराजला तिने सारे लग्नाआधीच सांगितले होते. “घरच्यांना मी सांगेन, जरा ओळख होऊ दे,” असेही तीच म्हणाली होती. पण शब्द ओठांवर येईना. कॅन्सरचे नाव निघाले की माणसांची नजर कशी बदलते, हे तिने लोणंदला, माहेरच्या गल्लीत, लहानपणीच पाहिले होते.

म्हणून इथे आल्यावर तिने गोळीच सोडली. हसतमुखाने सगळ्यांबरोबर चहा प्यायली. काही आठवड्यांत चेहऱ्यावर सूज आली, केसांचे पुंजके फणीत येऊ लागले, भर उन्हाळ्यात हातपाय गार पडू लागले. पीठ मळता मळता डोळा लागे.

आणि एका पहाटे गोठ्यातून शालूबाईंची हाक आली, “च्याची घाई करू नगा! चंद्री पान्हावंना झालीया!”

अपेक्षाने धावत जाऊन ट्रंकेतली गोळी काढली. दुसऱ्या दिवशीही चंद्री अडली. मग रोजच अडू लागली. संध्याकाळी हीच म्हैस मुकाट दूध देई, सकाळी मात्र हट्टाला पेटे. आकाराम ओसरीवरून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत आणि अपेक्षा मनातल्या मनात तिला हात जोडी. पावसाळा संपेपर्यंत सूज उतरली, अंगात धग आली, ती पुन्हा गुणगुणू लागली.

आता चंद्री जाणार. तिच्याबरोबर तो अर्धा तासही.

रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. झुंजुमुंजू झाले तशी उठली, गोळी घेतली. नानासो यायच्या आत सासूला सगळे सांगून टाकायचे, मग जे होईल ते होवो, असे ठरवून ती गोठ्याच्या दारात आली.

“आवं, आज तर लयच आडलीया!” शालूबाई ओसरीच्या दिशेने ओरडत होत्या. चंद्री निवांत रवंथ करीत होती. शालूबाई दगडावर पाय पसरून बसल्या होत्या. शेजारी फडक्याने झाकलेली चरवी होती. फडके फेसाने भिजले होते.

“आत्या, दूध तर निघालंय,” अपेक्षा पुटपुटली.

“हळू बोल. कवाच निघालंय. गोळी घेतलीस न्हवं?”

अपेक्षा त्यांच्याजवळ बसली. “आत्या, मला लहानपणी...”

“ठावं हाय. लगनाआधीच जयराजनं सांगितलं. त्याच्या पोटात काय ऱ्हातंय व्हय? म्हनला, ती आपल्या तोंडानं सांगंल, तवर तू इचारायचं न्हाई. शपथच घातली. न्हाई इचारलं. पर तुझं त्वांड सुजाय लागलं तवा ऱ्हावलं न्हाई. फोन करून त्याला खडसावला, तवा ह्या गोळीचं कळलं. मग घातला समदा दोष हिच्या डोस्क्यावर. मुकं जनावर, कुनाला सांगतंय?”

अपेक्षा रडता रडता हसू लागली. शालूबाईंनी पदराने तिचे डोळे पुसले. हाताला दुधाचा वास होता.

“पण मामांना कसं सांगायचं? ते तर चंद्रीला विकायला निघालेत.”

“त्यास्नी यातलं कायबी ठावं न्हाई आन सांगूबी नगं. गोळीबाराला भ्याला न्हाई, पर दवाखान्याचं नाव काढलं की बावरतंय त्ये मानूस. नानासोचं मी बघती. लाथा झाडती म्हनून सांगती, परत फिरकायचा न्हाई.”

तेवढ्यात ओसरीवरून आकारामांचा पलटणी आवाज गोठ्यात घुमला.

“आगं ए! नानासो-बिनासो कोन येत न्हाई. तुमी दोघी एकदाच्या बोलाल म्हनून पुडी सोडली हुती! आता पोरीच्या गोळीला अर्धा तास झाला आसंल, तर पान्हावू दे की तुझ्या चंद्रीला!”