शिकागोचा कोट

शहात्तर साली शिकागोच्या लेकीने आईवडिलांना बोलावून घ्यायला अर्ज केला, तेव्हाच सदाशिवरावांनी हजरतगंजात जाड लोकरी कोट शिवून ट्रंकेत ठेवला. व्हिसा काही येईना. दर पौषात लखनौ गारठलं, की चारुलताबाई म्हणायच्या, "अहो, घाला की तो कोट!"

"अगं, तिकडे नवा दिसायला नको का?" म्हणत ते जुन्या शालीतच कुडकुडत.

अशाच एका हिवाळ्यात गारठा छातीत बसला आणि ते गेले. व्हिसा वैशाखात आला. दोघांचाही.

चारबाग स्टेशनवर घामाघूम हमालाने चारुलताबाईंच्या मांडीवरचा कोट पाहिला. "माताजी, इतनी गर्मी में? लाइए, बक्से में रख दूँ."



"नहीं भैया," कोटाचं गळ्याजवळचं बटण लावत त्या म्हणाल्या, "साहब को ठंड लगती है."