चहाऐवजी

शालिनीताईंनी चहाचा कप पुढे ठेवला, तरी दिवाकररावांचे हात मांडीवरच राहिले. मुलीनं, ऋजुतानं, जातीबाहेर लग्न केलं म्हणून वर्षभर अबोला धरल्यावर आज ते प्रथमच तिच्या सासरी आले होते.

"मला चहा सोसत नाही, विहीणबाई," ते म्हणाले. "दोन घोट प्यायलो तरी छाती धडधडते. डॉक्टरांनी कॉफीही बंद केलीय."

शालिनीताईंचा चेहरा उतरला. "आमच्याकडे आल्यावर पुष्कळांना चहा सोसत नाही," त्या हळूच म्हणाल्या.

दिवाकररावांनी ऋजुताकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. त्यांचं दुखणं तिला ठाऊकच नव्हतं. अबोल्यात सांगणार कोण? आता खरं बोलूनही पटणार नव्हतं. होईल ते होईल, असं म्हणून त्यांनी कप उचलला. मग कप तसाच खाली ठेवून ते उठले आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर मांडी घालून बसले.

"चहा खरंच नको. पण भूक लागलीय. शिजलं असेल ते वाढा."

शालिनीताई दारातच थबकल्या. क्षणभरानं त्यांनी सुनेला हाक मारली, "ऋजुता, ताट घे गं. तुझे बाबा जेवायला बसलेत."